उरलेली लाल अंडी

“आम्ही येत नाही, आत्या…”

एवढं बोलून फोनवरचा कालोतिनाचा आवाज थांबला, आणि मग पलीकडून नुसते दाबून धरलेले हुंदके ऐकू येत राहिले. थेमेलिना रिसीव्हर कानाशी धरून स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. ओव्हनमध्ये कोकराची तंगडी लिंबाच्या रसात मंद मंद शिजत होती. टेबलावर आईच्या हातचा कशिद्याचा पांढरा कपडा अंथरलेला होता, चार ताटं मांडलेली होती, आणि मधोमध ती टोपली… काठोकाठ भरलेली, लालभडक अंड्यांची टोपली! खिडकीतून आलेलं, इथे दक्षिण गोलार्धात ईस्टरला पडणारं, शरदातलं कोवळं ऊन त्या अंड्यांवर पडलं होतं आणि त्यांची तांबूस आभा तिच्या हातांवर, पदराएवढ्या रुंद एप्रनवर, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरींवर पसरली होती. सगळं घर जणू कुणाच्या तरी चाहुलीकडे कान लावून बसलं होतं.

“अगं वेडाबाई, सणाच्या दिवशी रडतात का?” ती म्हणाली. “लांबचा रस्ता. तुझ्या बाबाला काही काम निघालं असेल.”

“ईस्टरला कसलं काम, आत्या! सामान गाडीत भरलं होतं, आई गाडीत जाऊन बसलीसुद्धा होती. आणि बाबा किल्ली हातात घेऊन दारातच उभे राहिले. म्हणाले, माझे पाय उचलत नाहीत. मग आत जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. आत्या, तू एवढं काय केलंस गं त्यांचं?”

थेमेलिनाने डोळे मिटले.

“ख्रिस्त उठला, बाळा,” ती हळूच म्हणाली. सणाचा हाच तर नमस्कार!

“खरंच उठला, आत्या…” आणि फोन बंद झाला.

थेवनार्ड म्हणजे गाव तरी केवढं! समुद्रात लांबवर गेलेला धक्का, गव्हाच्या गगनचुंबी कोठ्या, मासेमारीच्या होड्या, आणि कालिम्नोस बेटावरून दोन पिढ्यांमागे आलेल्या आम्हा ग्रीकांची ती चार घरं आणि एक चर्च. इथे कुणाच्या घरी कोण आलं आणि कोण आलं नाही, हे वाऱ्याच्याही आधी लोकांना कळतं. त्या दिवशी थेमेलिनाच्या दारात अ‍ॅडलेडची गाडी आली नाही हेही सगळ्यांना कळलं, आणि कुणीही तिला काही विचारलं नाही. न विचारण्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं.

थेमेलिना या नावाचा अर्थच पाया. आई गेली तेव्हा धाकटा पांतेलिस अजून बोबडं बोलत होता, आणि शाळेचं दप्तर खुंटीला लावून तिने त्याला जे कडेवर घेतलं ते जणू उतरवलंच नाही. तिच्या पाठचा सावास वडिलांबरोबर समुद्रावर जायचा. हसरा, रुंद खांद्यांचा, घरात पाऊल टाकताच दिवा लागावा असा! आणि निकितास नावाच्या एका शांत मुलाशी तिचं लग्न ठरलेलं होतं. किती सुंदर दिवस होते ते… स्वप्नात पाहावेत तसे, दिसता दिसता विरून गेलेले!

मग तो दिवस आला. वडिलांची पाठ धरली होती, म्हणून सावास एकटाच होडी घेऊन गेला. परतताना दक्षिणेचा वारा अचानक उठला आणि होडी उलटली. दुसऱ्या होडीवाल्यांनी त्याला लांबून पाहिलं होतं. हात वर करून तो हाका मारत होता. ते जिवाच्या आकांताने तिकडे निघाले; पण ते पोचेपर्यंत पाण्यावर नुसती टोपी तरंगत होती. होडीत दोन नारिंगी जॅकेटं असायची, बुडणाऱ्याला वर धरून ठेवणारी. थोरल्या कालोतिनाने, म्हणजे यांच्या आईने, हट्टाने आणवलेली. त्या दिवशी ती जॅकेटं होडीत नव्हती.

“कुणी काढली जॅकेटं?” वडिलांनी विचारलं होतं. घरातली सगळी माणसं भिंतीला टेकून उभी होती.

“मी,” थेमेलिना म्हणाली होती. “धुवायला काढली, बाबा. परत ठेवायची राहिली.”

त्या एका शब्दाने तिचं सगळं आयुष्य वाहून नेलं. निकितासच्या घरच्यांनी लग्न मोडलं. भावाला खाणारी पोरगी कोण घरात घेणार? वडील त्यानंतर कित्येक वर्षं जगले, तिच्या हातचं मुकाट्याने जेवले, पण तिच्याशी बोलले नाहीत. दर ईस्टरला घरातली माणसं एकमेकांच्या लाल अंड्यावर अंडं आपटत, कुणाचं फुटतं ते पाहत हसत. तिने पुढे केलेल्या अंड्याकडे मात्र ते बघतसुद्धा नसत. शेवटच्या दिवशी तिने ओठांशी पाण्याचा चमचा नेला, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं!

आणि वडिलांच्या अंत्यविधीनंतरची ती दुपार… ज्याला तिने घास भरवून वाढवलं तो पांतेलिस सगळ्या गावासमोर ओरडला, “सावासला जिने मारलं तिच्या हातची कॉफी मला नको!” त्यानंतर तो अ‍ॅडलेडला निघून गेला, तिथे फरशा बसवण्याच्या धंद्यात शिरला, संसार थाटला. मुलीला मात्र, रिवाजाप्रमाणे, आईचं नाव दिलं. ती मुलगीच मोठी झाल्यावर आत्याला फोन करू लागली. आणि यंदा तीच म्हणाली होती, “आत्या, सगळे येतोय. तयारीला लाग!”

त्या एका वाक्यावर म्हातारी होत आलेली ही बाई पवित्र गुरुवारी दिवसभर अंडी रंगवत बसली होती. प्रत्येक अंडं व्हिनेगरच्या पाण्यातून काढून, तेलाच्या बोळ्याने चोळून, आरशासारखं चकचकीत केलेलं…

तिने ओव्हन बंद केला. कोकरू शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकलं. पण ती टोपली काही तिच्याने वाटवेना.

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, दारात एक लहानशी धुळकटलेली गाडी थांबली.

“कोण आहे का घरात? अ‍ॅडलेडची एक उपाशी मास्तरीण आली आहे!”

“कालोतिना!” थेमेलिनाच्या हातातलं फडकं गळून पडलं. “एकटी आलीस? एवढ्या लांब? तुझ्या बाबाला…”

“बाबांशी भांडूनच आले. शाळेला सुट्टी आहे, मला कुणाची परवानगी लागत नाही.” तिने आत्याला अशी मिठी मारली की बाईचा श्वासच अडकला. मग तिची नजर टेबलाकडे गेली. “अगं बाई! ही अंडी! आत्या, गावजेवण घालणार होतीस की काय?”

“तुझा बाबा लहानपणी एका बैठकीत पोटाला तडस लागेपर्यंत खायचा. मला वाटलं…”

कालोतिनाने बाह्या सरसावल्या. “एकसुद्धा वाया जाऊ द्यायचं नाही. सांग, कुठून सुरुवात?”

“तडकलेल्यांपासून. धड कवचाची अंडी थंड कपाटात आठवडा काढतात. तडकलेली माणसासारखीच, आधी त्यांच्याकडे बघावं लागतं. आणि टरफलं कचऱ्यात नाही हं टाकायची! देवळातून आशीर्वाद घेऊन आलेली आहेत. लिंबाच्या झाडाच्या बुडाशी पुरू.”

ती संध्याकाळ थेमेलिनाला पुढे कितीतरी दिवस स्वप्नासारखी आठवत राहिली. पाण्याच्या परातीत बुडवून दोघी अंडी सोलत होत्या. पांढऱ्या बलकावर लाल रंगाच्या शिरा उमटल्या होत्या, जशा पहाटेच्या ढगांवर उमटतात. तडकलेली अंडी फोडी करून कांद्याच्या पातीत, ऑलिव्हच्या तेलात आणि भरपूर शेपूत मिसळली. उकडलेले बटाटे घातले. वरून लिंबू पिळलं. पोर जेवत होती आणि आत्या तिच्याकडे बघत होती. तीच हनुवटी, तशाच मागे वळणाऱ्या पापण्या! आईच जणू वाट चुकून माघारी आली होती…

“अशी काय बघतेस?”

“काही नाही. मीठ बरोबर आहे ना?”

“आत्या, मीठ नाही, तू बरोबर नाहीयेस. सांग ना, त्यांचं काय केलंस तू?”

“एक चूक झाली होती माझ्या हातून. फार मोठी. होडीतली जॅकेटं मी काढली, परत ठेवायची राहिली, आणि सावास बुडाला. तुझ्या बाबाचा राग खोटा नाही.” मग पुढचं सगळं, अंत्यविधीच्या त्या दुपारपर्यंत, तिने कुणालाही दोष न देता थोडक्यात सांगितलं आणि ती पुन्हा अंडी सोलू लागली.

मंगळवारी सकाळी मागच्या कुंपणावरून हाक आली. “थेमी! ए थेमी! मेलीस का जिवंत आहेस?”

शेजारची नोरीन. वय सत्तरीच्या घरात, पाय काठीचे, जीभ मात्र तरुण. इंग्रजांचा ईस्टर आधीच होऊन गेला होता, आणि उरलेली चॉकलेटची अंडी ती अजून सकाळच्या चहाबरोबर संपवत होती. तिने हातातली करी पावडरची डबी उंच धरली. “परवा कोकरू पाठवलंस, आज मी तुला शिकवते उरलेल्या अंड्यांचं काय करायचं. तुम्ही ग्रीक लोक प्रत्येक गोष्टीवर लिंबू पिळता. कंटाळा कसा येत नाही गं?”

मग स्वयंपाकघरात नुसता गोंधळ उडाला. नोरीन खुर्चीत बसून हुकूम सोडत होती, कालोतिना काट्याने अंडी कुस्करत होती, मेयोनेज, चमचाभर करी पावडर, मिरपूड, कडा कापलेला मऊ पाव… थेमेलिनाने चव घेतली आणि नाक मुरडलं. मग दुसरं सँडविच उचललं.

“नाक मुरडतेस आणि दोन खातेस!” नोरीन म्हणाली. तिघीही खदखदून हसल्या. त्या घरात असं हसू कितीतरी वर्षांत उमटलं नव्हतं. हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत थेमेलिना शेपू आणायला मागच्या वाफ्याकडे गेली.

नोरीन पोरीकडे वळली. “तू पांतेलिसची ना? तुझा बाप म्हणजे नुसता वांड! मी इथे नवीन लग्न होऊन आले होते. या खिडकीसारखीच माझी खिडकी. बघते तर हा आणि याचे दोस्त, अंगात होडीतली नारिंगी जॅकेटं, धक्क्यावरून पाण्यात उड्यांवर उड्या! बदकांसारखे तरंगत होते मेले. मग ती ओली जॅकेटं माझ्याच पाण्याच्या टाकीवर वाळत घातली आणि विसरून गेला. घेऊन जायला दुसऱ्या दिवशी तुझी आत्या आली बिचारी. तोवर त्यांच्या घरी ते सगळं झालं होतं ना… मी दिली तिला. ती दोन्ही छातीशी धरून टाकीला टेकून उभी राहिली, कितीतरी वेळ. बोलेना, रडेना. मला तेव्हा काही कळलं नाही बाई. तुमचं बोलणं ग्रीकमध्ये, दारं बंद. मी कोण विचारणार?”

कालोतिनाच्या हातातला काटा थांबला.

“बाबा…? ती जॅकेटं बाबांनी काढली होती?”

“मग दुसरं कोण? का गं, असा चेहरा का झाला तुझा? पोरं खेळणारच!”

दारात शेपूची जुडी घेऊन थेमेलिना उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा तिच्या एप्रनहून पांढरा पडला.

नोरीन गेल्यावर कालोतिना तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “का, आत्या? का?”

“तेरा वर्षांचं आईवेगळं पोर होतं ते…” थेमेलिनाचा आवाज जणू फार दुरून, पाण्याखालून येत होता. “सावासवर जीव टाकायचा. त्याला जर कळलं असतं की आपल्या खेळापायी आपला भाऊ… जगला असता का गं तो? मी मोठी होते. मला पेलवेल असं वाटलं. जॅकेटं काढल्याचं तो विसरलाच असावा, नाहीतर मी रोज ठेवते तशी ठेवली असतील असं समजला असावा. ते तसंच राहू दे, बाळा.”

“राहू दे? आजोबा तुझ्याशी बोलले नाहीत! लग्न मोडलं तुझं! आणि बाबा तुला खुनी म्हणाले, सगळ्या गावासमोर! मी आत्ता, या क्षणी फोन करते!”

“नाही!” थेमेलिनाने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. “माझ्या आईचं नाव लावतेस तू. तिची शपथ आहे तुला! इतकी वर्षं मी एकच गोष्ट कमावली आहे, कालोतिना… त्याची झोप. तेवढी माझ्यापासून हिरावून घेऊ नकोस.”

पोर आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली. शपथ मात्र तिने घेतली.

या आठवड्याला आमच्यात उजळ आठवडा म्हणतात. अख्खा आठवडा म्हणजे एकच दिवस, ईस्टरचाच, आणि देवळातल्या गाभाऱ्याची दारं सातही दिवस उघडी. बुधवारी सकाळी दोघी तिथे जाऊन आल्या. येताना वाऱ्याला समुद्राचा ओला, गोड वास होता. कोठ्यांवर पांढरे पक्षी तरंगत होते, आणि कालोतिना आत्याच्या हातात हात घालून चालत होती. घरी येऊन थेमेलिनाने खिमा मळला, त्यात पुदिना आणि किसलेला कांदा घातला, जाड थर पसरून मध्ये अंडी एका ओळीत ठेवली आणि वळकटी करून ओव्हनमध्ये सरकवली. अंगणात लिंबाची सावली डोलत होती. आणि तेव्हाच ती गाडी आली.

पांतेलिस दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, रात्रभर गाडी चालवून आलेला. एवढ्या वर्षांनी! थेमेलिनाला तो आधी ओळखूच आला नाही. मग एकदम ओळखू आला. केस किती विरळ झालेत याचे…

“कालोतिना, सामान उचल,” तो बहिणीकडे न बघता म्हणाला. “तुझी आई काळजीने आजारी पडायची वेळ आली.”

“ख्रिस्त उठला, पांतेलिस,” थेमेलिना म्हणाली.

या नमस्काराला उत्तर न देणं म्हणजे देवालाच तोंड फिरवणं. त्याचे ओठ हलले. शब्द आला नाही.

“मी येणार नाही,” कालोतिना म्हणाली.

“काय भरवलंस हिच्या मनात?” तो पहिल्यांदा बहिणीकडे वळला. “माझ्याविरुद्ध काय सांगितलंस?”

“तुमच्याविरुद्ध?” कालोतिना किंचाळलीच. “ती एक शब्द सांगत नाही, बाबा! मार खाते आणि गप्प बसते! तुम्हाला लाज…”

“कालोतिना! शपथ आहे तुला!”

ओव्हनमधल्या चरबीचा चुरचुर आवाज तेवढा ऐकू येत होता. पांतेलिसने मुलीच्या डोळ्यांत पाहिलं, मग बहिणीच्या. आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा राग, ओल्या भिंतीचा गिलावा गळावा तसा गळून पडला.

“हिला कळलं,” तो पुटपुटला. “कळलं ना हिला?”

“काय कळायचंय? काही नाही,” थेमेलिना घाईघाईने म्हणाली. “तू बस. हात धू. जेवण तयारच…”

“पुरे कर, ताई!” तो खुर्चीत कोसळला. “पुरे कर… तू कुणापासून लपवतेस? मला ठाऊक आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे!”

ताटं मांडायला निघालेली थेमेलिना वळली.

“बाबांनी विचारलं तेव्हा मी कपाटाला पाठ लावून उभा होतो. मी तोंड उघडलं होतं, ताई. देवाशपथ उघडलं होतं! आणि तू म्हणालीस, ‘मी’. मग मी ते मिटलं… उद्या सांगू, परवा सांगू, असं करत करत ते मिटलेलंच राहिलं. बाबा तुझ्याकडे पाठ फिरवायचे आणि मला कुशीत घ्यायचे. त्यांच्या कुशीत मला बुडाल्यासारखं व्हायचं. अंत्यविधीच्या दिवशी काका विचारायला लागला, जॅकेटं नक्की कुणी काढली, पोरं तर धक्क्यावर खेळत होती म्हणतात… मी घाबरलो. आणि मी ओरडलो. तुझ्यावर! रविवारी किल्ली हातात घेतली, आणि तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. तू मला माफ केल्यासारखी बघशील, हे मला सहन होईना. म्हणून पाय उचलले नाहीत.”

कालोतिनाने तोंडावर हात धरला होता. थेमेलिना मात्र हलली नाही. तिच्या आत काहीतरी फार खोलवर तडकत गेलं. इतकी वर्षं ती रोज रात्री स्वतःला सांगत आली होती: पोराला माहीत नाही, पोर सुखाने झोपलं आहे. तेवढ्या एका दिलाशावर तिने सगळं सोसलं होतं. आणि तो दिलासाच मुळात नव्हता!

“तुला माहीत होतं?” ती म्हणाली. आणि तिचा आवाज चढत गेला, कुणी कधी ऐकला नव्हता इतका. “बाबांनी मरताना माझ्या हातचं पाणी नाकारलं, पांतेलिस! पाणी! तू त्यांच्या पायाशी उभा होतास! तुला माहीत होतं आणि तू उभा राहिलास! तुझ्या लहानपणाला मी माझं तरुणपण दिलं, ते मी हसत दिलं… पण तू मोठा झालास रे! मोठा झाल्यावर तरी बोलायचंस! एकदा! एकदा तरी!”

तिचा हात टोपलीला लागला, की तिने मुद्दामच ढकलली, कोण जाणे. उरलेली लाल अंडी टेबलावरून घरंगळली, जमिनीवर टपटप आपटली, खुर्च्यांखाली, कपाटाखाली गेली.

मग पांतेलिस गुडघ्यांवर बसला. तो एकेक अंडं वेचू लागला, आणि वेचता वेचता लहान पोरासारखा रडू लागला. शब्द नाहीत, नुसता सूर. हाच सूर… आई गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात असाच सूर लावून तो रडायचा आणि ती त्याला कडेवर घेऊन धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायची.

थेमेलिना भिंतीला टेकली. मग म्हणाली, “मला हे लगेच नाही जमायचं, पांतेलिस.”

“नको जमू दे, ताई. मी मागायलासुद्धा आलो नाही.”

“मला सांगितलंस, त्याचा काय उपयोग? ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांग.”

दुपारी ओव्हन बंद करून तिघं कबरस्तानात गेली. या आठवड्यात आपल्या माणसांच्या कबरींवर लाल अंडं ठेवायची आमची रीत आहे. वाळूतली ती जागा, पांढऱ्या दगडांच्या रांगा, पलीकडे निळा, निश्चल समुद्र. इतका निश्चल, की याच पाण्याने कधी कुणाला ओढून नेलं असेल असं वाटू नये. वडिलांच्या दगडावर खाली सावासचंही नाव कोरलेलं होतं; तो स्वतः कधी सापडला नव्हता.

पांतेलिसने दोघांसाठी दोन अंडी ठेवली. टोपी हातात घेतली.

“बाबा,” तो म्हणाला, आणि थांबला. शेजारच्या कबरीवर फुलं लावणाऱ्या दोन बायकांनी मान वर केली. त्याने आवाज खाली आणला नाही. उलट चढवला. “बाबा, जॅकेटं मी काढली होती. खेळायला. परत ठेवायची मीच विसरलो. ताईने काहीही केलं नव्हतं. ती खोटं बोलली, मला वाचवायला. तुम्ही नको त्या लेकराशी अबोला धरलात, बाबा… सावास, ऐकलंस ना तू?”

वारा आला आणि गेला. त्या दोन बायकांपैकी एकीने हळूच स्वतःवर क्रुसाची खूण केली; आता संध्याकाळपर्यंत हे सगळ्या गावाला कळणार होतं. थेमेलिनाने दगडावर हात ठेवला. उन्हाने तो कोमट झाला होता, जिवंत माणसाच्या गालासारखा. इतकी वर्षं या दगडापुढे ती मान खाली घालून उभी राहिली होती. आज तिने वर पाहिलं.

“ऐकलंत ना, बाबा?” ती एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलं नाही.

परत निघताना पांतेलिसने तिला हात दिला. ती क्षणभर थांबली… मग तिने तो धरला. गाडीत मागच्या सीटवर तिने आपली काळी शाल गुंडाळून घेतली. कबरस्तानाचं फाटक मागे पडतं न पडतं तोच तिची मान काचेवर कलली. तोंड थोडंसं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले, कपाळावरची रेघ कुठच्या कुठे विरलेली. भर दुपारी, उजेडात, कशाचीही वाट न बघता ती गाढ झोपली होती.

घराचं वळण आलं. पांतेलिसने आरशात पाहिलं आणि गाडी सरळ पुढे नेली. धक्का गेला, गव्हाच्या कोठ्या गेल्या, गावाची शेवटची पाटी गेली. मग दोन्ही बाजूंना नुसती कापणी झालेली सोनेरी रानं, आणि कडेकडेने सोबत करणारा समुद्र.

“बाबा,” कालोतिना हळू आवाजात म्हणाली, “घर मागे राहिलं.”

“माहीत आहे.”

“मग कुठे चाललोय आपण?”

त्याने वेग आणखी कमी केला, खड्डा चुकवला, आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला,

“कुठेच नाही, पोरी. गाडी थांबली की ती जागी होईल.”